वितरित कॅशेमधील बदलवार्ता : मौनाच्या अर्थाचा विचार

१

माहितीचा मूळ साठा एका ठिकाणी आणि तिचे वाचक अनेक ठिकाणी, अशी स्थिती आली म्हणजे प्रती काढणे अपरिहार्य होते. मूळ साठ्यापर्यंत प्रत्येक वेळी जाण्यात वेळ जातो आणि त्या साठ्यावर ताणही पडतो; म्हणून संगणकव्यवस्थेत वाचकाच्या निकट माहितीची एक प्रत ठेवतात. या निकटच्या साठ्याला कॅशे म्हणतात, आणि तो एका यंत्रापुरता न राहता अनेक यंत्रांवर पसरला की त्याला वितरित कॅशे हे नाव मिळते. या व्यवस्थेचा लाभ उघड आहे; तिचे संकटही तितकेच उघड आहे. मूळ बदलते आणि प्रती तशाच राहतात. प्रत बाळगणाऱ्याला तो बदल कळवावयाचा कसा, हा प्रश्न अभियंते सुमारे चार दशके हाताळीत आले असून त्याची उत्तरेही त्यांनी नाना प्रकारची दिली आहेत.

या उत्तरांचे परीक्षण बहुधा वेग, खर्च आणि यंत्रबळ या निकषांवर होते. भाषेच्या अभ्यासकाला त्यांत एक निराळा प्रश्न दिसतो. बदल कळवणे ही एक उक्ती आहे. तिला वक्ता आहे, श्रोता आहे, आशय आहे. आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष गेले आहे अशी चौथी गोष्ट म्हणजे, तिला मौन आहे. वार्ता आली असता श्रोत्याने काय समजावे हे बहुतेक व्यवस्था सांगतात. वार्ता आली नाही तर काय समजावे हे थोड्याच सांगतात. वस्तुतः प्रत बाळगणाऱ्याचा बहुतेक काळ मौनातच जातो. मूळ क्वचित बदलते आणि प्रत वारंवार वाचली जाते, म्हणून तर कॅशे ठेवण्यात अर्थ असतो. तेव्हा बदलवार्तेच्या व्यवस्थेची योग्यता तिच्या वार्तेइतकीच, किंबहुना अधिक, तिच्या मौनावरून ठरवली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रारंभी नावाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी १९६५ साली अशा निकटच्या स्मृतीची कल्पना एका छोट्या निबंधात मांडली, तेव्हा तिला त्यांनी ‘दास-स्मृती’ या अर्थाचे नाव दिले होते. ‘कॅशे’ हा शब्द १९६८ साली आयबीएम कंपनीच्या नियतकालिकात, सिस्टिम/३६० मॉडेल ८५ या यंत्राच्या वर्णनात आला आणि तोच रूढ झाला. ‘लपवणे’ हा अर्थ असलेल्या फ्रेंच धातूपासून तो निघाला आहे. पहिले नाव अप्रिय होते आणि ते गेले याची खंत करण्याचे कारण नाही. तथापि त्या नावात प्रतीचे परावलंबित्व व्यक्त होत होते. दुसऱ्या नावात प्रत कोठे आहे एवढेच उरले, ती कोणाची प्रत आहे हे राहून गेले. वापरणाऱ्याच्या नकळत कार्य करणारी लपलेली स्मृती, हे वर्णन एकाच यंत्राच्या आत पुरेसे होते. अनेक यंत्रांवर पसरलेल्या साठ्याला ते पुरत नाही. संगणकशास्त्रात कठीण गोष्टी दोनच, एक कॅशेतील प्रत रद्द करणे आणि दुसरी वस्तूंना नावे देणे, असे एक वचन फिल कार्लटन यांच्या नावावर सांगितले जाते. बदलवार्तेच्या बाबतीत या दोन अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आहेत, हे पुढील विवेचनात दिसून येईल.

२

बदलवार्तेला मराठी पडद्यावर सध्या ‘सूचना’ हा शब्द योजतात. हा शब्द या कार्याला अपुरा आहे. सूचनाफलकावरील सूचना म्हणजे माहिती. ‘हरकती व सूचना’ यांतील सूचना म्हणजे सल्ला. वरिष्ठांनी ‘सूचना दिल्या’ म्हणजे आज्ञा केली. माहिती, सल्ला आणि आज्ञा या तिन्हींना एकच शब्द चालतो, याचा परिणाम असा की सूचना न मिळण्याचा अर्थ काय हा प्रश्नच त्या शब्दातून उपस्थित होत नाही. इंग्रजी शब्दाची स्थितीही याहून फारशी बरी नाही.

मराठीच्या जुन्या व्यवहारात मात्र कळवण्याच्या रीती निरनिराळ्या होत्या आणि त्यांना शब्दही निरनिराळे होते. दवंडी गावात पिटली जाते. जो त्या वेळी गावात असेल त्याने ती ऐकावी. शेतावर गेलेल्याला ती ऐकू आली नाही, तर दवंडी पिटणाऱ्यावर त्याचे उत्तरदायित्व नाही, आणि शेतावर बसलेल्यानेही ‘दवंडी ऐकली नाही, म्हणजे पिटलीच गेली नाही’ असे अनुमान काढता कामा नये. निरोप नेमक्या माणसाला पाठवला जातो. तो पोचला की नाही हे विचारता येते. वर्दी देणे हे कोणाचे तरी नेमलेले कर्तव्य असते; म्हणून वर्दी आली नाही याचा अर्थ ‘काही घडले नाही’ असा लावण्याचा श्रोत्याला अधिकार असतो, आणि घडूनही वर्दी दिली गेली नाही तर तो दोष ठरतो. चौथी रीत लेखी आहे. पेढीवर रोजकीर्द असते. तीत प्रत्येक व्यवहार घडेल त्या क्रमाने लिहिला जातो आणि तीवरून खतावणी तयार होते. चार दिवस बाहेर राहिलेला मुनीम परत आल्यावर कोणाला काही विचारीत नाही. ज्या पानावर त्याचे वाचन थांबले होते तेथून तो पुढे वाचू लागतो.

या चार रीतींतील भेद आशयाचा नाही. ‘अमुक बदलले’ हेच चारांतूनही सांगता येते. भेद आहे तो मौनाच्या अर्थात. दवंडीचे मौन निरर्थक. निरोपाचे मौन शंकास्पद. वर्दीचे मौन सार्थ. आणि रोजकीर्दीत मौन असे नसतेच, तेथे पान कोरे तरी असते किंवा लिहिलेले तरी. वितरित कॅशेच्या विविध व्यवस्था या चौकटीत ठेवून पाहिल्या असता त्यांचे गुणदोष बरेच स्पष्ट होतात.

३

मौन सार्थ केव्हा होते, याचे उत्तर व्याकरणशास्त्राने फार पूर्वी दिले आहे. पाणिनीच्या व्यवस्थेत लोप ही एक संज्ञाच आहे. जे दिसत नाही त्याचेही स्थान मानले जाते आणि त्या स्थानाचे कार्य चालू राहते. विसाव्या शतकात रोमान याकोबसन यांनी १९३९ साली शून्य-चिन्हाची कल्पना मांडली, तीही याच दिशेची. मराठीतील ‘बस’ हे आज्ञार्थी रूप घ्यावे. त्याला प्रत्यय दिसत नाही, तरीही एकाच व्यक्तीला, एकेरीत, आज्ञा केली आहे हे ऐकणाऱ्याला कळते. कारण ‘बसा’, ‘बसो’, ‘बसू’ ही रूपे त्याच्या शेजारी उभी असतात आणि प्रत्ययाची जागा ठरलेली असते. जागा ठरलेली असेल तरच तिचे रिकामे असणे बोलते.

कॅशेच्या क्षेत्रात ही जागा प्रथम स्पष्टपणे आखली ती कार्नेगी मेलन विद्यापीठात घडलेल्या अँड्र्यू फाइल सिस्टिम या व्यवस्थेने. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत बाळगणारे यंत्र फाइल उघडताना दर वेळी सर्व्हरला ‘ही प्रत अजून खरी आहे ना’ असे विचारीत असे. जॉन हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात जी मोजमापे दिली आहेत, त्यांवरून सर्व्हरकडे येणाऱ्या विनंत्यांपैकी निम्म्याहून अधिक केवळ या पृच्छेच्याच होत्या असे दिसते. पुढील आवृत्तीत ही रीत उलटवण्यात आली. प्रत देतानाच सर्व्हर वचन देई की, दुसऱ्या कोणी ही फाइल बदलण्यापूर्वी तुला कळवीन. या वचनाला त्यांनी ‘कॉलबॅक’ हे नाव दिले. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ सालच्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत कृतिरूप उक्तींची जी मीमांसा केली, तिच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे बदलवार्तेच्या आधी एक वचनोक्ती घडलेली आहे, आणि नंतर येणारी वार्ता ही त्या वचनाची समाप्ती आहे. वचन आधी असल्यामुळेच मौनाला अर्थ आला : सर्व्हर काही बोलत नाही, म्हणजे प्रत खरी आहे.

या व्यवस्थेच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा असा की, वचनाची मर्यादा त्यांनी लपवली नाही. श्रोता आणि वक्ता यांच्या वचनांच्या याद्या एकमेकींशी जुळेनाशा झाल्या तर विसंगती उद्भवू शकते, हे त्यांनी त्याच निबंधात नमूद केले. एखादे यंत्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, तर ते आपल्या सर्व प्रती संशयित मानी आणि प्रत्येकीचा पहिला उपयोग करण्यापूर्वी पृच्छा करी. अर्थात ‘मी स्वतः झोपलो होतो, तेव्हा त्या वेळचे मौन माझ्यासाठी निरर्थक आहे’ हे तारतम्य तीत होते.

परंतु जागा राहूनही दोहोंमधील दळणवळण तुटले तर काय? वक्ता बोलत आहे आणि वाट तुटल्यामुळे श्रोत्याला ऐकू येत नाही, या स्थितीत श्रोत्याला मौन पूर्वीसारखेच वाटते. स्टॅनफर्डचे केरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन यांनी १९८९ साली सुचवलेली ‘लीज’, म्हणजे मुदतीच्या पट्ट्याची कल्पना, या दोषावरील उत्तम उपाय होय. वचन अनंत काळाचे न देता थोड्या सेकंदांचे द्यावयाचे. मुदत संपेपर्यंतचे मौन प्रतीची ग्वाही देते. मुदतीनंतरचे मौन काहीच सांगत नाही आणि श्रोत्याने पट्टा नव्याने मागावयाचा असतो. मूळ माहिती बदलू इच्छिणाऱ्याला सर्व पट्टेदारांची संमती मिळेपर्यंत, नाहीतर मुदत सरेपर्यंत थांबावे लागते. या रचनेला एक आधार लागतो : दोन्हीकडील घड्याळे ठरावीक मर्यादेहून अधिक मागेपुढे धावता कामा नयेत. सर्व्हरचे घड्याळ पुढे धावले तर त्याच्या लेखी मुदत संपलेली असते आणि पट्टेदाराच्या लेखी ती चालू असते. तथापि हा आधार उघडपणे सांगितलेला आहे, आणि मौनाच्या अर्थाची सीमा कालाने आखलेली आहे. वर्दीची रीत येथे तिच्या सर्वांत शुद्ध स्वरूपात आढळते.

४

यानंतरच्या काळात वितरित कॅशे सर्वत्र पसरले, आणि वर्दीची जागा बऱ्याच ठिकाणी दवंडीने घेतली. साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी २००९ साली सुरू केलेली रेडिस ही व्यवस्था आज अतिशय प्रचारात आहे. तिच्या २.८ या आवृत्तीत, २०१३ साली, साठ्यातील बदलांची वार्ता ऐकण्याची सोय झाली. या सोयीची भाषिक रचना मोठी उद्बोधक आहे. एक नोंद पुसली गेली की तिच्याविषयी दोन वार्ता निघू शकतात. पहिलीत वाहिनीच्या नावात नोंदीचे नाव असते आणि संदेशात क्रियेचे. दुसरीत वाहिनीच्या नावात क्रियेचे नाव असते आणि संदेशात नोंदीचे. म्हणजे एकच घटना एकदा ‘या नोंदीचे काय झाले? ती पुसली गेली’ अशी, आणि एकदा ‘काय काय पुसले गेले? ही नोंद’ अशी सांगितली जाते. उद्देश्य आणि विधेय यांची ही अदलाबदल श्रोत्याच्या जिज्ञासेनुसार वार्ता निवडण्याची मुभा देते. नवे मूल्य मात्र दोहोंतही नसते. ते श्रोत्याने पुन्हा जाऊन वाचावयाचे असते.

रचनेतील या चातुर्याच्या तुलनेत मौनाची व्यवस्था दुर्बळ आहे. वार्ता बोलली गेली त्या क्षणी जो जोडलेला असेल त्यालाच ती मिळते. श्रोत्याचा संबंध मध्येच तुटून पुन्हा जुळला, तर मधल्या काळातील सर्व वार्ता त्याला कायमच्या अंतरतात आणि अंतरल्याचेही त्याला कोणी सांगत नाही. मुदत संपलेल्या नोंदीची वार्ता मुदत संपल्याच्या क्षणी निघत नाही. व्यवस्था ती नोंद प्रत्यक्ष काढून टाकते तेव्हा निघते, आणि या दोन क्षणांत बरेच अंतर पडू शकते. अनेक यंत्रांच्या समूहात प्रत्येक यंत्र आपल्या वाट्याच्या नोंदींपुरतेच बोलते. एकाच यंत्रापाशी कान लावून बसलेल्या श्रोत्याला इतरांचे ऐकू येत नाही. न्यायाने सांगितले पाहिजे की, या मर्यादा रेडिसच्या अधिकृत वर्णनात स्पष्ट लिहिलेल्या आहेत. आक्षेप घ्यावयाचा तो त्या सोयीचा उपयोग करणाऱ्यांच्या समजुतीवर. दवंडीला ते वर्दी समजतात, आणि दवंडी ऐकू आली नाही एवढ्यावरून प्रत खरी आहे असे मानून चालतात.

या गैरसमजाला शब्दानेही हातभार लावला आहे. ‘कॉलबॅक’ हा शब्द अँड्र्यू फाइल सिस्टिममध्ये वचनाचे नाव होता. आज प्रोग्रामर तोच शब्द वार्ता आल्यावर चालवावयाच्या फलनाला लावतात. शब्द एकच वाटला तरी पहिल्याचा संबंध वक्त्याच्या कर्तव्याशी आहे आणि दुसऱ्याचा श्रोत्याच्या प्रतिक्रियेशी. मायक्रोसॉफ्टच्या ॲपफॅब्रिक या २०१० साली आलेल्या आणि आता प्रचारातून गेलेल्या वितरित कॅशेत बदलवार्ता ऐकण्यासाठी कॉलबॅक नोंदवावा लागे. नावावरून कोणालाही वाटावे की सर्व्हर हाक मारील; प्रत्यक्षात श्रोत्याकडील यंत्रच ठरावीक काळाने समूहाकडे जाऊन ‘काही नवे आहे काय’ असे विचारी, आणि हा काळ वेगळा नेमून दिला नाही तर ३०० सेकंदांचा असे. पाच मिनिटांच्या मौनाचा अर्थ तेथे ‘अजून विचारलेले नाही’ इतकाच होता. परंतु याच व्यवस्थेत एक प्रशंसनीय सोयही होती. काही वार्ता हुकल्या आहेत, हे कळवणारी स्वतंत्र वार्ता तीत मागता येत असे. आपल्या मौनातील खंडाविषयी बोलणारी अशी सोय इतरत्रही असावयास हवी होती.

रेडिसनेही पुढे वेगळा मार्ग धरला. २०२० साली आलेल्या सहाव्या आवृत्तीत श्रोत्याने कोणत्या नोंदी वाचल्या हे सर्व्हर लक्षात ठेवतो, आणि त्या बदलल्या की त्याला ‘तुझी प्रत रद्द समज’ असे कळवतो. दवंडीकडून वर्दीकडे हा प्रवास आहे. लक्षात ठेवण्याच्या यादीला मर्यादा असते. ती भरली म्हणजे सर्व्हर जुन्या नावांपैकी एखादे काढतो आणि, ती नोंद बदलली नसतानाही, बदलली असल्याप्रमाणे रद्द झाल्याची वार्ता पाठवतो. ही वार्ता असत्य म्हणावयाची काय? तिला विधान मानले तर ती असत्य ठरेल. परंतु तिच्या योगाने श्रोत्याची फसवणूक होत नाही. त्याला फार तर एक फेरी अधिक घालावी लागते. यावरून या वार्तेचे खरे स्वरूप उघड होते. ‘मूळ बदलले’ असे विधान ती करीत नाही. ‘यापुढे माझ्या मौनावर विसंबू नकोस’ असे ती सांगते. वचन दिले असेल तरच ते परत घेता येते, आणि परत घेतलेले वचन खरे-खोटे या कसोटीला उतरवावे लागत नाही. याच तत्त्वाला अनुसरून, वार्ता येण्याची वाट तुटली तर श्रोत्याने आपल्या सर्व प्रती टाकून द्याव्यात, आणि वाट शाबूत आहे की नाही हे मधून मधून हाक देऊन पाहावे, असे मार्गदर्शन त्या आवृत्तीबरोबर आले. नियमित हाकेमुळे रिकाम्या जागेला सीमा मिळते. व्याकरणात जे कार्य रूपावली करते तेच येथे हाक करते.

५

मौनाचा अर्थ ठरला तरी क्रमाचा प्रश्न शेष राहतो. श्रोत्याने मूळ साठ्याकडे एक नोंद मागितली. उत्तर वाटेत असतानाच ती बदलली आणि रद्द झाल्याची वार्ता दुसऱ्या वाटेने आधी पोचली. श्रोत्याजवळ तेव्हा प्रतच नसल्यामुळे त्याने वार्ता सोडून दिली, आणि मागून आलेले जुने उत्तर नवे समजून ठेवून घेतले. वर्दी दिली गेली आणि ती पोचलीही. तरीही प्रत खोटी ठरली, आणि नंतरचे मौन तिला खरी ठरवीत राहिले. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली दाखवून दिले होते की, वितरित व्यवस्थेत दोन घटनांपैकी आधीची कोणती हे घड्याळावरून नेहमी ठरवता येत नाही. संदेशांच्या कार्यकारणसंबंधावरूनच पूर्वापरभाव लावावा लागतो. बदलवार्तेच्या कर्त्यांनी हा धडा निरनिराळ्या प्रमाणात घेतला आहे.

याहू कंपनीत घडलेल्या आणि २०१० साली निबंधरूपाने वर्णिलेल्या झूकीपर या व्यवस्थेत ‘वॉच’, म्हणजे पहारा, ही सोय आहे. तिची एक हमी फार मोलाची आहे : पहारा लावलेल्या श्रोत्याला नवे मूल्य दिसण्यापूर्वी बदलाची वार्ता मिळालेलीच असेल. दोन्ही एकाच क्रमाने येत असल्यामुळे वरील गोंधळ होत नाही. परंतु मूळ रचनेत पहारा एकदाच बोलतो. वार्ता मिळाल्यावर श्रोत्याने तो पुन्हा लावेपर्यंत मध्ये आणखी दोन बदल झाले, तर ते दोन होते हे त्याला कळत नाही. शेवटची स्थिती तेवढी कळते. २०२० सालच्या ३.६ या आवृत्तीत टिकाऊ पहाऱ्याची भर पडली. ज्याला वर्तमान स्थितीच हवी त्याचे पहिल्या रीतीने काही बिघडत नाही. ज्याला प्रत्येक घटना हवी त्याचे मात्र बिघडते. खतावणी पाहणाऱ्याची गरज आणि रोजकीर्द वाचणाऱ्याची गरज या भिन्न आहेत, आणि एकाच ‘सूचना’ शब्दाखाली त्या झाकल्या जातात.

रोजकीर्दीची रीत सर्वांत स्पष्टपणे अंगीकारली ती एट्सीडी या साठ्याने. तेथे प्रत्येक बदलाला चढता क्रमांक मिळतो, आणि श्रोता ‘अमुक क्रमांकापासून पुढचे सांग’ अशी मागणी करतो. संबंध तुटला तरी शेवटचा क्रमांक त्याच्यापाशी असतो. जुनी पाने कालांतराने काढून टाकली जातात. श्रोत्याने मागितलेला क्रमांक त्यांत गेला असेल, तर व्यवस्था गप्प न राहता तसे सांगून पहारा रद्द करते. मग श्रोत्याने संपूर्ण खतावणी नव्याने वाचून घ्यावयाची.

फेसबुकने २०१३ साली आपल्या मेमकॅश व्यवस्थेचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही हाच बोध आहे. तेथे प्रती रद्द करण्याची वार्ता प्रामुख्याने डेटाबेसच्या कायम झालेल्या नोंदवहीतून काढली जाते; मॅकस्क्वील या नावाची प्रक्रिया ती वाचते आणि कॅशेकडे पाठवते. वार्ता हरवली अथवा भलतीकडे गेली, तर नोंदवही पुन्हा वाचून ती पुन्हा पाठवता येते. वार्तेत नवे मूल्य न पाठवता केवळ ‘पुसा’ असे सांगण्याचे कारणही मार्मिक आहे. पुसलेले पुन्हा पुसले तरी परिणाम बदलत नाही. म्हणून वार्ता दोनदा पोचण्यात धोका नाही. जुन्या उत्तराने नव्या बदलावर मात करू नये यासाठी त्यांनी एक चिठ्ठी योजली आहे : नोंद कॅशेत नसली तर वाचकाला ६४ बिटांची चिठ्ठी मिळते, आणि मूळ साठ्यावरून आणलेले मूल्य ती दाखवूनच ठेवता येते, दरम्यान ती नोंद पुसण्याचा आदेश आला असेल तर चिठ्ठी निरुपयोगी होते. उपाय निर्दोष आहे. नाव मात्र नाही. या चिठ्ठीलाही त्यांनी ‘लीज’ म्हटले आहे. ग्रे व चेरिटन यांचा पट्टा वाचकाला मौनावर विसंबण्याचा हक्क देतो. येथील चिठ्ठी लिहिण्याची परवानगी देते आणि मौनाविषयी काहीच सांगत नाही. एकाच्या भरवशाने दुसरे वापरणाऱ्या विद्यार्थ्याची दिशाभूल होईल. कार्लटन यांच्या वचनातील दोन अडचणी एकत्र येतात त्या अशा.

६

या सर्व चर्चेवर एक आक्षेप संभवतो. एखाद्या चित्राखालील पसंतीचा आकडा क्षणभर जुना दिसला तर कोणाचे काय बिघडले? जेथे शिळी प्रत चालते तेथे वचन, मुदत आणि नोंदवही यांचा खर्च कशासाठी करावयाचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि दवंडीलाही व्यवहारात स्थान आहे. ‘जुने चालेल’ हा निर्णय वाचकाने किंवा त्याच्या वतीने कोणी तरी समजून घेतला असेल, तर त्यात दोष नाही. दोष तेथे उत्पन्न होतो, जेथे तो निर्णय कोणीही घेतलेला नसतो आणि मौनाच्या संदिग्ध अर्थातून तो आपोआप घडतो.

हा दोष कोठवर जातो याचे उदाहरण गूगलच्या झांझिबार या, कोणाला काय पाहण्याची परवानगी आहे हे ठरवणाऱ्या व्यवस्थेवरील २०१९ सालच्या निबंधात सापडते. एका व्यक्तीने आपल्या दप्तरातून दुसऱ्या व्यक्तीचा प्रवेश काढून घेतला, आणि त्यानंतर त्या दप्तरात नवे कागद ठेवण्यास तिसऱ्याला सांगितले. परवानगीची जुनी प्रत कोठे तरी खरी मानली गेली, तर ज्याला वगळले त्यालाच नवे कागद दिसतील. येथे जुन्या आकड्याचा प्रश्न नाही. एका माणसाने दुसऱ्यापासून राखू पाहिलेल्या गोष्टीचा प्रश्न आहे. ज्याचे खाजगी कागद उघडे पडले त्याच्यासमोर ‘वार्ता अद्याप पोचली नव्हती’ हे उत्तर टिकणारे नाही.

झांझिबारने यावर योजलेला उपाय वार्तेच्या मार्गाने जात नाही, आणि म्हणूनच तो येथे विशेष विचारार्ह आहे. मजकूर बदलतो तेव्हा त्या क्षणाची एक खूण त्या मजकुराबरोबरच ठेवली जाते. पुढे परवानगी विचारताना ती खूण पुढे करावयाची. निदान त्या क्षणाइतक्या ताज्या स्थितीवरूनच उत्तर दिले जाते. श्रोता वार्तेची वाट पाहत बसत नाही. आपल्याला किती ताजे ज्ञान हवे ते प्रश्नातच सांगतो. मौनाचा अर्थ लावण्याचा प्रसंगच तेथे टळतो. अर्थात खूण ठेवण्याचा आणि बाळगण्याचा भार प्रश्नकर्त्यावर येतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी परवडेल असे नाही.

तात्पर्य, बदलवार्तेच्या व्यवस्थांचे मूल्यमापन करताना तीन प्रश्न विचारले जाणे अवश्य आहे. वार्ता न आल्यास प्रत खरी मानण्याचा अधिकार श्रोत्याला आहे काय, आणि असल्यास किती काळ? वाट तुटली किंवा वार्ता हुकली, तर ते श्रोत्याला कशावरून कळते? वार्ता आणि मूल्य निरनिराळ्या वाटांनी आली, तर त्यांचा पूर्वापरभाव कशावरून लावावयाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या वर्णनात सापडत नाहीत ते वर्णन, वेगाचे कितीही आकडे त्यात असले तरी, अपूर्ण समजले पाहिजे. अँड्र्यू फाइल सिस्टिमच्या कर्त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९८८ सालीच लिहून ठेवले होते. त्यांचा शब्द सर्वांनी उचलला, त्यातील वचन मात्र अनेकांनी मागे ठेवले.

मराठीत या विषयाची परिभाषा अजून घडावयाची आहे, ही या दृष्टीने इष्टापत्तीच म्हणावी लागेल. इंग्रजीतील एका व्यापक शब्दाला ‘सूचना’ हा तितकाच व्यापक शब्द जोडून थांबण्याचे कारण नाही. दवंडी, निरोप, वर्दी आणि रोजकीर्द हे शब्द जसेच्या तसे स्वीकारावेत असा आग्रह कोणी धरणार नाही. परंतु त्यांत जो भेद जपला गेला आहे, तो नव्या परिभाषेत उतरला पाहिजे. मराठीतून हा विषय शिकणाऱ्या विद्यार्थ्याला मग व्यवस्थेचे नाव ऐकताच एवढे तरी विचारता येईल की, ही गप्प राहते तेव्हा काय सांगत असते.